चिमुकल्या भूमीचा इतिहास : माती, प्लॅस्टर आणि फेस

विषय ऐकून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर त्यांत नवल नाही. वसंतातल्या सायंकाळी जमलेल्या मंडळींना पानिपत, वसई, खर्डा हे ऐकावयाची सवय. तेथे कोणी उभा राहून, फसफसून फुगणाऱ्या रासायनिक फेसापासून खेळातले डोंगर कसे ओततात हे सांगू लागला, तर हा इतिहास की पोरखेळ, असा प्रश्न निघणारच. आम्हांस असे वाटते की, जमिनीची लहान प्रतिकृती करण्याची माणसाची हौस ही इतिहासाचाच भाग आहे. तिच्यापायी राजांनी तिजोऱ्या उघडल्या, सेनापती नाराज झाले, आणि एका सज्जन लष्करी अधिकाऱ्याचा संसार कर्जात बुडाला. शिवाय ही प्रतिकृती कशाची करावयाची, हा प्रश्न दर पिढीने नव्याने सोडविला आहे. त्या पदार्थांचा माग काढणे एवढेच आज आम्ही योजिले आहे.

ही हौस आपल्याला परकी नाही. दिवाळीत महाराष्ट्रातली मुले अंगणात किल्ला करतात. दगडविटांचा ढीग रचावयाचा, त्यावर गोणपाट चिखलात बुडवून पसरावयाचे, ते वाळू लागले की वरून माती लिंपावयाची, अळीव किंवा मोहरी पेरावयाची, आणि चार दिवसांत कोवळे रान उगवले की मावळे मांडावयाचे. यांतली गोणपाटाची युक्ती ध्यानात ठेवावी. ती पुढे फार दूरच्या देशात, निराळ्याच नावाने, आपल्याला भेटणार आहे.

युरोपात ह्या गोष्टीला राजाश्रय मिळाला तो फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या वेळी. त्याचा युद्धमंत्री लूव्हा याच्या सूचनेवरून १६६८ मध्ये सरहद्दीवरील तटबंद शहरांच्या प्रतिकृती करण्यास आरंभ झाला आणि डंकर्कपासून सुरुवात झाली. प्रमाण ठरले सहाशेला एक. म्हणजे तीस फूट उंचीचे घर अर्ध्या इंचाहून किंचित मोठे. लाकडाचा सांगाडा, कागदाच्या भिंती व छपरे, वाळूची जमीन, रेशमाची झाडी. घरांच्या खिडक्यासुद्धा मोजून दाखविलेल्या. हे सारे राजाच्या करमणुकीसाठी नव्हते. कोणत्या टेकडीवरून शत्रूची तोफ कोणत्या बुरुजाला लागू होते, हे सपाट नकाशावर कळत नाही; प्रतिकृतीवर दोरा ताणला की कळते. म्हणूनच ह्या वस्तू लष्करी गुपित मानल्या जात आणि त्या पाहावयास परवानगी लागे. १७७७ मध्ये त्या पॅरिसच्या आँव्हालिद वास्तूत हलविल्या गेल्या. १८१५ मध्ये नेपोलियन पडल्यावर प्रशियन सैन्याने त्यांतल्या कित्येक उचलून बर्लिनला नेल्या. शहर जिंकल्यावर त्याचे चिमुकले रूपही लुटीत घ्यावे, यावरून त्या काळी त्यांचे मोल काय होते ते कळते.

स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्सच्या सैन्यात नोकरी केलेल्या फ्रांझ लुडविग फिफर याने १७६२ ते १७८६ एवढा काळ खपून मध्य स्वित्झर्लंडच्या पर्वतांची एक प्रचंड प्रतिकृती केली. ती आजही ल्यूसर्न येथे आहे. तिच्यात लाकूड, विटांचे तुकडे, कोळसा, पुठ्ठा, प्लॅस्टर आणि वरून मेण असे हाती लागेल ते घातलेले आहे. आम्हांस हा माणूस फार जवळचा वाटतो. ज्याला डोंगर करावयाचा आहे त्याने पदार्थाची जात विचारू नये, हा त्याचा बाणा आजच्या छांदिष्टापर्यंत अखंड चालत आला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ह्या भूमीवर खेळ आला. ब्रेस्लाउ येथील एक मुलकी अधिकारी गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइस्वित्स याने प्रशियाच्या राजपुत्रांना वाळूच्या पटावर एक युद्धखेळ दाखविला. राजाला तो पाहावयाची इच्छा झाली. पण राजासमोर ओल्या वाळूचा पसारा मांडणे त्याला प्रशस्त वाटेना. म्हणून त्याने एक मोठे मेज बनविले. त्यावर नदी, रस्ता, टेकडी, गाव असे सुटे चौकोनी तुकडे जोडून हवा तो प्रदेश मांडता येई. १८१२ मध्ये ते राजा फ्रीडरिख विल्हेल्म तिसरा याच्यासमोर आले. आजचे खेळाडू जी सुट्या तुकड्यांची भूमी वापरतात तिचे मूळ येथे आहे. पुढे राइस्वित्सच्या मुलाने १८२४ मध्ये खेळाचे नियम पक्के केले, पण मेज टाकून दिले आणि आठ हजाराला एक अशा प्रमाणाचे कागदी नकाशे घेतले. सैन्याला नकाशा सोयीचा. तो घडी करून नेता येतो. तेव्हापासून लष्कराची वाट आणि छंदाची वाट थोडी वेगळी झाली.

आता ज्याच्यासाठी हा विषय आम्ही निवडला त्या माणसाकडे येऊ. विल्यम सायबॉर्न हा इंग्रज लष्करातला एक अधिकारी. जन्म १७९७ चा; वॉटर्लूच्या लढाईत तो नव्हता. १८३० मध्ये त्याला त्या लढाईची प्रतिकृती करण्याचे काम सरकारातून मिळाले. दुसरा कोणी असता तर त्याने चार नकाशे पुढ्यात घेऊन काम उरकले असते. सायबॉर्न रणभूमीवर गेला, ला हे सँत नावाच्या शेतवाड्यात आठ महिने राहिला, आणि जमिनीचा चढउतार पावलापावलाने मोजला. हा तोच शेतवाडा, ज्याच्यासाठी लढाईच्या दिवशी दुपारभर झुंज चालली होती. परत आल्यावर त्याने लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठविली : सायंकाळी सातच्या सुमारास आपली पलटण नेमकी कोठे होती, समोर शत्रू कोण होता, शेतात पीक कोणते उभे होते? उत्तरे शेकड्यांनी आली. लढाईच्या इतिहासासाठी साक्षीपुरावा गोळा करण्याचा इतका पद्धतशीर उद्योग त्यापूर्वी क्वचितच कोणी केला असेल. तो झाला कशासाठी? प्लॅस्टरच्या एका तुकड्यावर कथिलाची बाहुली कोठे ठेवावी हे ठरविण्यासाठी!

येथेच घोटाळा झाला. प्रतिकृतीत संध्याकाळचा निर्णायक क्षण दाखवावयाचा होता, आणि पत्रांवरून व जर्मन बाजूच्या माहितीवरून सायबॉर्नला असे दिसू लागले की, त्या घटकेस ब्ल्यूखरचे प्रशियन सैन्य रणांगणावर फार मोठ्या संख्येने येऊन पोचले होते. ग्रंथात हे एका वाक्यात सांगता येते आणि वाचक पुढे जातो. प्रतिकृतीत तसे होत नाही. तेथे हजारो प्रशियन आकृती उभ्या कराव्या लागतात, आणि एका दृष्टिक्षेपात पाहणाऱ्याला कळते की विजय एकट्याचा नव्हता. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या गोटाला हे रुचणे शक्यच नव्हते. १८३३ मध्ये सरकारी पैसा थांबला होताच. सायबॉर्नने कर्ज काढून काम चालू ठेवले. खर्च सुमारे तीन हजार पौंडांवर गेला. १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती लोकांपुढे आली. मैलाला नऊ फूट हे प्रमाण, सुमारे चारशे चौरस फुटांचा विस्तार, आणि पंचाहत्तर हजारांच्या घरात आकृती. फ्रेंच राजाच्या प्रतिकृतींच्या प्रमाणाशी हे प्रमाण जवळजवळ तंतोतंत जुळते. मैलाला नऊ फूट म्हणजे सुमारे ५८७ ला एक. लोकांनी गर्दी केली, पण सायबॉर्नचे कर्ज फिटले नाही. पुढे त्याने बऱ्याच प्रशियन आकृती काढून घेतल्या. १८४९ मध्ये तो वारला.

प्रशियन आकृती काढल्या, यावरून त्याला भित्रा म्हणणारे आहेत. आम्हांस तसे म्हणवत नाही. कर्जबाजारी माणसाच्या हातून, ज्यांच्या मर्जीवर त्याचे पोट आहे अशा मंडळींनी जे करवून घेतले त्याचा दोष मुख्यतः करवून घेणाऱ्यांचा. शिवाय त्याने पत्रे जपून ठेवली. १८९१ मध्ये त्याच्या मुलाने त्यांतली निवडक छापली, आणि आज वॉटर्लूवर लिहिणाऱ्या कोणालाही त्यांच्यावाचून चालत नाही. ती प्रतिकृतीही लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

सायबॉर्नची भूमी प्लॅस्टर ऑफ पॅरिसची. ह्या पदार्थाची करामत साधी आहे. जिप्सम नावाचा खनिज दगड सुमारे दीडशे अंशांपर्यंत तापविला की त्यातले बरेचसे पाणी निघून जाते व भुकटी उरते; तीत पुन्हा पाणी कालविले की तिचा परत दगड होतो. घट्ट होताना तो किंचित फुगतो, आणि म्हणून साच्याच्या बारीकसारीक रेघांत शिरून त्या उचलतो. दंतवैद्य दाताचा ठसा ह्याच जातीच्या पदार्थात ओततात ते ह्याच गुणामुळे. दोष एकच, पण जबर : वजन. लिटरभर प्लॅस्टरचा खडक किलोभर किंवा त्याहून अधिक भरतो. राजाला किंवा संग्रहालयाला याची फिकीर नसते. ज्याला खेळ संपल्यावर डोंगर कपाटावर ठेवावयाचा आहे, त्याला असते.

एच. जी. वेल्स याने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून शिशाच्या शिपायांचा खेळ मोठ्या माणसांच्या दिवाणखान्यात आणला. त्याची भूमी म्हणजे लाकडी ठोकळे, फळ्या आणि पुस्तके. खऱ्या भूमीचा ध्यास धरला तो छोट्या आगगाड्यांच्या शौकिनांनी. अमेरिकेत लिन वेस्टकॉट नावाच्या संपादकाने एक पद्धत लोकप्रिय केली : सांगाड्यावर कागदी पुसणी प्लॅस्टरच्या रबड्यात बुडवून पसरावयाची, ती वाळली की पातळ पण कणखर कवच तयार. आमच्या मुलांचे चिखलातले गोणपाट ते हेच! कोणी कोणाकडून घेतले नाही; ओल्या लगद्याने भिजविलेले कापड उतारावर चांगले बसते, एवढेच. वजन पुष्कळ कमी झाले, पण ओतीव खडकांचे ओझे राहिलेच.

उपाय आला तो भलत्याच दिशेने. १९३७ मध्ये जर्मनीत लेव्हरकुसेन येथे ओटो बायर व त्याचे सहकारी आयसोसायनेट आणि पॉलिऑल ह्या दोन द्रव्यांच्या संयोगातून पॉलियुरेथेन तयार करीत होते. पुढे काही नमुन्यांत बुडबुडे निघू लागले. परीक्षण करणाऱ्या विभागाने, याचा उपयोग झाला तर नकली स्विस चीज करण्याकडे होईल, असा शेरा मारल्याचे सांगतात. बायरने दोषाचे कारण शोधले. आयसोसायनेटला पाणी भेटले की कर्बद्विप्राणिद वायू सुटतो. द्रव घट्ट होत असतानाच तो वायू आत कोंडला जातो आणि त्याचा फेस होतो. मग पाणी मुद्दाम, मोजून घालण्यात आले. महायुद्धात हा कडक फेस विमानांच्या काही भागांत गेला. १९५० नंतर गाद्यांत, आणि मग शीतकपाटांच्या व इमारतींच्या भिंतींत. खिडक्यांच्या फटी बुजविण्याचे डबे पुढे बाजारात आले आणि तेथून हा पदार्थ छांदिष्टांच्या हाती पडला. आमचे निरीक्षण असे की, छोटी भूमी करणाऱ्यांसाठी खास असा पदार्थ सहसा कोणी शोधत नाही. ते नेहमी दंतवैद्य, गवंडी, सुतार यांच्या पानातले उष्टे उचलतात.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपण ज्याला थर्मोकोल म्हणतो तो पॉलिस्टायरीनचा फेस. तो तयार तक्त्यांत मिळतो आणि तापलेल्या तारेने लोण्यासारखा कापला जातो. (महाराष्ट्रात २०१८ च्या मार्चमधील अधिसूचनेने सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आली, हे जाता जाता.) पॉलियुरेथेनला तार लावू नये. तो वितळत नाही, करपतो, आणि त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइडसारखे घातक विष असते. थर्मोकोल कोरतात, पॉलियुरेथेन ओतता येतो. एकाच साच्यातून वीस सारखे कडे काढावयाचे तर ओतण्यावाचून गती नाही.

पण हे ओतणे प्लॅस्टरच्या ओतण्यासारखे नव्हे, आणि प्रयोगांची सारी गंमत यांतच आहे. प्लॅस्टर आज्ञाधारक आहे. साचा सांगेल तेथे जाऊन निवांत बसते. फेस आपल्या मर्जीने वाढतो. दोन द्रव्ये काही सेकंद घोटली की मिश्रण दुधाळ होते, तापते, आणि पाहता पाहता वीस-पंचवीस पट होते. साचा उघडा ठेवला तर पाव वर यावा तसा फेस वर येतो आणि खालच्या बारीक रेघा रिकाम्या राहतात. साचा बंद केला तर आतला दाब रबरी साच्याला फुगवितो. सरळ भिंत ढेरपोटी निघते. म्हणून रबराला बाहेरून कडक कवच, वर वजन ठेवलेले झाकण, आणि झाकणाला वारा व जादा फेस निघून जाण्यापुरती भोके, अशी मांडणी करावी लागते. द्रव्य किती घालावयाचे हे मोजून ठरवावे लागते. सामान्य हलका फेस घनमीटरला सुमारे बत्तीस किलो भरतो, म्हणजे लिटरला बत्तीस ग्रॅम. पण साच्याच्या कोपऱ्यांत तो शिरावा तर त्याहून थोडे अधिक ओतून त्याला दाबात ठेवणे भाग असते. साच्याला आतून मेण लावले नाही तर फेस असा चिकटतो की साचा आणि डोंगर दोन्ही जातात. घाईने साचा उघडला तर मोकळा झालेला डोंगर मेजावर सावकाश फुगत राहतो.

फटी बुजविण्याच्या डब्यातला फेस आणखी निराळा. तो हवेतल्या दमटपणावर घट्ट होतो. बंद साच्यात दमटपणा पोचणार कोठून? वरून कडक, आतून कित्येक दिवस चिकट, अशी स्थिती होते. पाण्याचा हलका शिडकावा करून थराथराने भरणे हा त्यावरचा तोडगा. पण खरे सांगावयाचे तर ह्या डब्याचे खरे काम साच्याबाहेरचे आहे : पुठ्ठ्यावर सोडावा, वेडावाकडा फुगू द्यावा, वाळल्यावर सुरीने कापावा. जे आकार निघतात ते कोणी योजून काढू शकणार नाही.

साच्यासाठी जाणत्यांनी जी युक्ती काढली तीत जुने आणि नवे एकत्र आले आहे. आधी साच्याला आतून प्लॅस्टरचा किंवा राळेचा पातळ थर द्यावयाचा. तो बारीक रेघा उचलतो. मग त्याच्यामागे फेस भरावयाचा. तो नुसता आधार देतो. चेहरा प्लॅस्टरचा, पोट फेसाचे. किलोभराचा खडक शेपन्नास ग्रॅमवर येतो. आमच्या मते हीच पद्धत सर्वांत समंजस होय. फेसाने बारकाईचेही काम करावे असा हट्ट धरणाऱ्यांचे खडक आम्ही पाहिले आहेत. ते दुरून बरे दिसतात.

यांत धोका आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आयसोसायनेट हा शब्द आपल्या देशाला भोपाळने शिकविला. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथे सुटलेला मिथिल आयसोसायनेट हा त्याच कुळातला. फेसाच्या द्रव्यातले आयसोसायनेट निराळे, वाफ होऊन सहजी न उडणारे, हे खरे. दोहोंना एकाच मापाने मोजणे चुकीचे होईल. तरीही त्याच्या संसर्गाने शरीर एकदा चिडके झाले की पुढे अल्पशा मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून, व्यवसायात ही द्रव्ये हाताळणाऱ्यास आधी प्रशिक्षण घेणे सक्तीचे झाले आहे. घरच्या छांदिष्टाला ती सक्ती नाही. कारखान्यातल्या कामगाराचे फुप्फुस आणि घरातल्या माणसाचे फुप्फुस यांत कायद्याला काय फरक दिसला, हे आम्हांस उमगत नाही. हातमोजे, चष्मा, योग्य मुखवटा आणि उघडी खिडकी एवढे तरी घरच्या माणसाने स्वतःवर सक्तीने लादून घ्यावे. मुलांना ह्या द्रव्यांपासून दूरच ठेवावे. त्यांच्यासाठी चिखल आहे.

राहता राहिला टिकाऊपणाचा प्रश्न. फेस कुजत नाही म्हणून तो चिरकाल टिकेल, असा समज आहे. तूरिन येथील कलावंत प्येरो जिलार्दी याने १९६५ पासून पॉलियुरेथेनच्या मऊ फेसात जमिनीचे तुकडे कोरले : नदीतले गोटे, गळलेली पाने. त्यांना त्याने निसर्गाचे गालिचे असे नाव दिले. लोकांनी त्यांवर बसावे, लोळावे, अशी त्याची कल्पना होती. आज संग्रहालये त्यांना कोणाचा हात लागू देत नाहीत. प्रकाशाने आणि हवेने असला फेस पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आणि बोट लावताच त्याची भुकटी होते. रंगाचा जाड लेप असेल तेथे तो अधिक तग धरतो. जिलार्दी २०२३ मध्ये वारला. त्याच्या गालिच्यांना साठ वर्षे होतात न होतात तोच जतन करणारे चिंतेत आहेत; आणि आँव्हालिदमध्ये लुईच्या कारागिरांनी उभी केलेली कागदाची घरे आणि रेशमाची झाडे अजून उभी आहेत.